मनी वहिनीच्याच मांडीवर का झोपली

मंडळी, आज दुपारचीच गोष्ट. आमची दहा वर्षांची नवी वहिनी काल कल्याणहून आगगाडीने कोपरीला सासरी आली. तेव्हापासून मान खाली घालून बसलीय. जेवत नाही, बोलत नाही.

आमची मनी मांजर, कोणी रोखून पाहिलं की पळालीच! आज मात्र शेपटी उभी करून वहिनीकडे गेली, पायाला डोकं घासलं आणि मांडीवर घुरघुरत झोपली.

"हिच्याकडेच कशी गेली गं?" आई म्हणाली.

वहिनी पहिल्यांदा बोलली. "मी बघत नाही ना तिच्याकडे."

आम्ही तर कालपासून वहिनीकडे टक लावून बसलेलो! मी गुपचूप पाठ फिरवून भांडी आवरू लागले. थोड्या वेळाने मागून आवाज आला, "वन्सं, भाकरी आहे?"

तुमच्याकडची नवी सून पोटभर जेवते का हो?