मोहाखालचा पंचनामा

ती केस आठवली की आजही मला आधी हसू येतं. आरमोरीच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या ठाण्याचा मी प्रभारी होतो. मोहफुलांचा हंगाम होता. खबऱ्याचा फोन आला, "साहेब, शेठच्या वावरात मोहफुलाची चोरी होऊन राह्यली."

शेठ म्हणजे बाहेरगावचा व्यापारी. ते शेत त्यानं नुकतंच विकत घेतलं होतं. आमच्या महिला शिपायानं चौकशीसाठी आणली कोण, तर टोपली छातीशी धरलेली एक गोंड म्हातारी!

"आजी, वावर कोणाचं?"

"शेठचं."

"मग फुलं काऊन उचलली?"

"झाड माह्यं हाय ना! बापानं लग्नात देल्लं. भावानं वावर विकलं, झाड कोणी विकलं?"

मागोमाग ठाण्यात आलेला शेठ सातबारा नाचवत म्हणाला, "गुन्हा दाखल करा. मी तर झाडच तोडायची परवानगी काढतो, कटकटच नको."

म्हातारीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मला फार वाईट वाटलं. पण दुसऱ्याच क्षणी ती माझ्यावर कडाडली, "माही फुलं तिथी सुकून राह्यली, आन् तू मले चहा पाजून राह्यला!"

कागद शेठच्या बाजूनं होता. तरी आधी जागा बघू म्हणून हवालदारासह दोघांनाही घेऊन पंचनाम्याला गेलो. वाटेतल्या प्रत्येक मोहाखालची जमीन लख्ख. हंगामात तिकडे एक फूल पडून राहत नाही. आणि या एकाच झाडाखाली पिवळा सडा! टोपल्या घेतलेल्या बाया बाजूनंच जात होत्या, पण एकही वाकली नव्हती.

एकीला विचारलं, "बाई, ही फुलं काऊन सोडली?"

"आजीचं झाड हाय ना ते! तिले तं तुम्हीच नेलं. आम्ही कशी उचलू?"

पंचांनीही तेच सांगितलं. शेठनं त्या सड्याभोवती एक फेरी मारली. मग डोकं खाजवत म्हणाला, "राहू द्या साहेब, तक्रार मागे घेतो. झाडही तोडत नाही. पण आजी, सावली तरी माझी ना?"

म्हातारी खुदकन हसली. "घे ना बापू. सावली वावरात पडते, ते तुहीच."

मग तिनं टोपली माझ्यापुढे ठेवली. "तुह्यापायी पडून राह्यली. उचल आता."

शेठ, हवालदार आणि मी, तिघंही मुकाट्यानं वाकलो.

माझी सगळी नोकरी मालकीचे कागद तपासण्यात गेली. पण मालकीण ठाण्यात बसलेली असताना तिचं एकेक फूल जागच्या जागी राहतं, असा पुरावा मला पुन्हा कुठल्याच केसमध्ये मिळाला नाही.