खळ्यावर बूट

बाबा गेल्यावर आईला मी अमेरिकेत, एडिसनला आणलं ते परत न पाठवायच्या बोलीवर. बोली माझी एकटीचीच, ती कशाला काय म्हणतेय! नव्वदच्या दशकातली गोष्ट. अख्खा हिवाळा ती खिडकीशी बसून राहिली. खाणं चिमणीएवढं, बोलणं त्याहून कमी. मी ऑफिसातून दमून यायची आणि उगाच तिच्यावर चिडायची. शेवटी मार्चमध्ये एका शनिवारी ट्रेनने तिला न्यूयॉर्कच्या म्युझियममध्ये नेलं.

मूर्ती झाल्या, चित्रं झाली. आई आपली "हं, हं" करत मागून येतेय. मग एका दालनात भिंतभर जुनी टॅपेस्ट्री लागली, फ्लँडर्सच्या विणकरांनी लोकरीत विणलेली. हिरवं सगळं निळं पडलं होतं. पण कापणी चाललेली, बायका पेंढ्या बांधताहेत, एकीच्या डोक्यावर जेवणाची पाटी, आणि पुढे खळ्यावर धान्याची रास.

आई थांबली, वाकली आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागली.

"अगं, काय करतेस?"

"रास आहे ना समोर."

आमच्याकडे खळ्यावर पायात घालून कुणी जात नाही. पण हे गार्डला कोण सांगणार, कपाळ! तो आलाच, "शूज, मॅडम, प्लीज." मी लाजेने अर्धी झाले. आईने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिचं भांडण टॅपेस्ट्रीतल्या माणसाशी लागलं होतं.

"हा बघ मेला, बुटासकट राशीत उभा! बायको काही बोलत नाही का याला?"

किती महिन्यांनी एवढं बोलली! मी हसत सुटले.

राशीजवळ एकजण माप भरत होता. त्याच्याकडे बघत आई हळूच म्हणाली, "लाभ." पहिल्या मापाला आम्ही एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. दरवर्षी बाबा म्हणायचे, आई पोत्याचं तोंड धरायची.

"ज्वारी निघाली असेल," ती म्हणाली. "यंदा लाभ कोण म्हणणार?"

"काका आहेत की."

"ते कशाला? मी म्हणेन. तिकीट काढ माझं."

मला रडू आलं. खाली बसून मी तिच्या बुटांच्या नाड्या बांधल्या. तिला ठेवून घ्यायचं होतं हो मला.

तेव्हा भारताचा फोन म्हणजे नुसती खरखर. आता मिनिटात लागतो, पण पलीकडे ती नाही. ती गावी परतली, आणि त्या एप्रिलमध्ये एका सकाळी तिचाच फोन आला. खरखरीतून ओरडली, "म्हटलं गं मी!"

काय म्हटलं, ते मला विचारावं लागलं नाही.