चार नंबरच्या वर्गातली रेषा

सकाळी साडेसहाला मधुकररावांचा फोन आला. निर्मला बोरसे यांचे ते यजमान, भेस्तानला राहतात, कापडाच्या लूमवरून निवृत्त झालेले. "सर, ती गई," एवढंच म्हणाले आणि थांबले. मला वाटलं, बाई नेहमीपेक्षा लवकर विद्यापीठात गेल्या. मी म्हटलं, "हो, आज अकराला मौखिक परीक्षा आहे ना, कोमलची." तेवढ्यात त्यांच्या मागून बायकांचं रडणं ऐकू आलं आणि मला समजलं. झोपेतच हृदय बंद पडलं होतं. खांद्याला लावायची खाकी बॅग आदल्या रात्री भरून त्यांनी दाराच्या खिळ्याला टांगली होती.

निर्मलाबाई आमच्या विद्यापीठात दिव्यांग विद्यार्थ्यांची सोय बघायच्या. हे काम त्या तेरा वर्षं अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर करत होत्या. त्यांच्या दारावर मोठी पाटी होती, आत एक टेबल, एक कपाट आणि त्या. कुणाला लेखनिक हवा, कुणाला जास्तीचा वेळ, कुणाचा वर्ग तळमजल्यावर आणायचा, हे सगळं त्या एकट्या करायच्या. आमची पहिली गाठ भांडणातच पडली. मी समाजशास्त्र शिकवतो आणि फळ्यावर लिहिता लिहिता बोलायची मला जुनी सवय. एक दिवस चार नंबरच्या वर्गात भर तासाला त्या दार ढकलून आत आल्या.

"सर, तुम्ही पोरांना शिकवता का फळ्याला?"

वर्ग हसला. पहिल्या बाकावरची एक मुलगी तेवढी हसली नाही, कारण तिला ऐकू आलं नव्हतं. ती कोमल. वडील पांडेसऱ्यात डाइंग मिलमध्ये, घरात अहिराणी, शाळा गुजराती, आणि वर्गात आधार फक्त शिकवणाऱ्याच्या ओठांचा. माझे ओठ निम्मा तास फळ्याकडे असत. निर्मलाबाईंनी बॅगेतून खडू काढला, मला दोन पावलं पुढे बोलावलं, खिडकीकडे बघितलं, आणखी अर्धं पाऊल सरकवलं आणि माझ्या पायाशी जमिनीवर रेषा ओढली. "इथे उभं राहिलं की उजेड तोंडावर पडतो. मागे गेलात की तोंड काळं दिसतं." मी म्हटलं, "म्हणजे लक्ष्मणरेषा?" त्या म्हणाल्या, "सीतेला ऐकू तरी येत होतं."

त्यानंतर दर सोमवारी सकाळी त्या येऊन रेषा नव्याने ओढायच्या, कारण शनिवारी फरशी पुसली जाई. प्रत्येक वर्गातली जागा वेगळी, कारण प्रत्येक वर्गातली खिडकी वेगळी. काही प्राध्यापकांनी तक्रार केली की हा अध्यापनाच्या स्वातंत्र्यावर घाला आहे. त्यातल्या एकाचं स्वातंत्र्य खुर्चीवर बसून जुन्या वह्या वाचून दाखवण्यापुरतंच होतं, पण अर्ज त्याचाच सर्वांत लांब होता.

त्यांची दुसरी सवय कागदाची. फार पूर्वी एका अंध मुलाच्या लेखनिकाची परवानगी त्यांनी रीतसर शिपायाच्या हाती, आवक-जावक वहीतून पाठवली होती. ती परीक्षा संपल्यानंतर पोहोचली. रीतसर पोहोचली, शिक्क्यासह. तेव्हापासून बाईंनी एकही पत्र दुसऱ्याच्या हाती दिलं नाही. सही झाली की कागद खाकी बॅगेत, आणि बॅग घेऊन त्या स्वतः परीक्षकाच्या टेबलापर्यंत. प्रत कपाटात, कपाटाची किल्लीही त्याच बॅगेत. मी चेष्टा करायचो, "बाई, तुम्ही आजारी पडलात तर विद्यापीठ बंद." त्या म्हणायच्या, "मी नाही पडत आजारी. करारात रजाच नाही."

कोमल एम. ए.च्या शेवटच्या वर्षाला आली. घरबसल्या साड्यांवर डायमंड, म्हणजे चमकते खडे, चिकटवणाऱ्या बायकांवर तिने प्रकल्प केला, तिच्याच गल्लीतल्या बायकांवर. माझ्या नोकरीत वाचलेल्या चांगल्या प्रकल्पांत तो धरावा लागेल. पण त्याची परीक्षा मौखिक, आणि नियमात 'मौखिक' म्हणजे तोंडाने. प्रश्न लिहून द्यावेत आणि उत्तरं लिहून घ्यावीत, एवढ्या परवानगीसाठी बाई चार महिने पायऱ्या चढत-उतरत होत्या. आदल्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. "झाली सही, सर. सकाळी आणते. पोरगीला सांगा, झोप नीट म्हणावं." मी कोमलला तसा मेसेज केला. तिने हसणारं तोंड पाठवलं.

अकरा वाजता बाहेरचे परीक्षक आले, पर्मनंट घाईत. अंतर्गत परीक्षक मी. बाई गेल्याचं मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटून दोन सेकंद शोक केला आणि यादी उघडली. कोमल पेन आणि कोरे कागद घेऊन समोर बसली. मी परवानगीचं सांगितलं. ते म्हणाले, "कागळ क्यां छे?" कागद नव्हता. "तो पछी मौखिक एटले मौखिक." म्हणजे तोंडीच. सही करणारे साहेब दौऱ्यावर होते. मी त्यांना फोन केला, त्यांनी उचलला नाही. एकदाच केला. भेस्तानहून बॅग आणायला रिक्षाने अर्धा तास लागला असता. पण ज्या घरात अजून तिरडी बांधतायत तिथे कागद कसा मागायचा, असं मी स्वतःला सांगितलं. ते मला फार सभ्यपणाचं वाटलं.

परीक्षकांनी मान खाली घालून, प्रकल्पाची पानं उलटत पाच प्रश्न विचारले. कोमलला त्यांच्या डोक्यावरचा भांग दिसत होता. ती प्रत्येक वेळी माझ्याकडे बघायची. पाचव्यांदा तिने बघितलं नाही. परीक्षकांनी 'उत्तर दिले नाही' असं लिहून गुणपत्रिका माझ्याकडे सरकवली आणि मी सही केली. मग हार घेऊन भेस्तानला गेलो. बॅग खिळ्यालाच होती. मी तिच्याखालीच चपला काढल्या.

आठवड्याने शोकसभा झाली. तिसऱ्या मजल्यावर, कारण सभागृह तिथेच वातानुकूलित आहे. लिफ्ट बंद होती, त्यामुळे कुबड्यांवर चालणारे दोघे खालीच थांबले. त्यांना वर काय चाललंय ते कळावं म्हणून कुणीतरी जिन्याकडचं दार उघडं ठेवलं. सहा भाषणं झाली. प्रत्येक वक्त्याने माइक तोंडाला इतका चिकटवला की ओठ दिसायचा प्रश्नच नव्हता. मग 'बाईंच्या कार्याचं जिवंत फळ' म्हणून कोमलला मंचावर बोलावलं. तिला कळलंच नाही. शेजारच्या बाईने तिला दंडाला धरून उठवलं. तिच्या हाती गुलाब दिला, टाळ्या झाल्या, फोटो निघाला. निकाल लागून तीन दिवस झाले होते. ती नापास होती.

तेराव्याला मधुकररावांनी बॅग माझ्यापुढे ठेवली. "तठेच टांगेल व्हती. कोन्ही हात लावा नही." आत डबा, किल्ली, खडूचं खोकं आणि प्लास्टिकच्या पाकिटात ते पत्र, घडीसुद्धा न पडलेलं. मी काय घडलं ते सांगितलं. ते म्हणाले, "फोन कया असता ते मी आणी दिधी असती, सर. तिन्हा जीव त्या कागदमा व्हता."

पत्र मी परीक्षा विभागात दिलं. उत्तर आलं: परवानगी वैध आहे, मात्र निकालानंतर सादर झाली, विद्यार्थिनीने पुढच्या सत्रात पुन्हा बसावं. तेवढं तरी सांगावं म्हणून पत्राची प्रत घेऊन मी पांडेसऱ्याला गेलो. कोमल जमिनीवर बसून साडीवर डायमंड चिकटवत होती. आईने मला पाणी दिलं, म्हणाली, "ती आते परीक्षाले नही म्हणस, सर." कोमलने बोटांवरचा गोंद पुसला, पत्र वाचलं, तारीख पुन्हा वाचली. मग मोबाइलवर टाइप करून माझ्यापुढे धरलं: 'आदल्या दिवशीची सही आहे. हे तुम्ही त्यांना सांगितलं होतं?'

सांगितलं होतं. एकदा. पुढे बॅग आणायला का गेलो नाही, सही का केली, हेही मी सांगितलं. अगदी खरं सांगितलं… फक्त तोंड दाराकडे वळवून. पुन्हा बघितलं तेव्हा ती साडीकडे वळली होती.

विद्यापीठाने बाईंच्या स्मरणार्थ सगळ्या वर्गांत पिवळ्या ऑइलपेंटचा पट्टा मारलाय. ठेकेदाराने सगळीकडे फळ्यापासून एकच माप घेतलं. चार नंबरच्या वर्गात त्या पट्ट्यावर उभं राहिलं की तोंड काळं दिसतं. खडूचं खोकं मधुकररावांनी मलाच दिलं. सोमवारी मी लवकर जातो, खिडकीकडे बघतो, पट्ट्याच्या पुढे, फळ्यापासून अडीच पावलांवर रेषा ओढतो आणि तिच्यावर उभा राहून, वर्गाकडे तोंड करून, तासभर शिकवतो. एकदाही वळत नाही. यंदाच्या वर्गात सगळ्यांना ऐकू येतं.