पूर्वेकडच्या ओळींतली ओल

बाबा गेल्यावर नरखेड तालुक्यातली संत्र्याची बाग माझ्याकडे आली. मी नागपुरात शाळेत शिकवते, त्यामुळे शेतावर जाणं रविवारचं. बाकीचे सहा दिवस बाग वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या सालदाराच्या हातात. हा माणूस बाबांकडे वीसेक वर्षं होता. बाबा त्याला न विचारता एक फांदी छाटत नसत. पण स्टाफरूममध्ये शेती असलेले दोघे-तिघे होते, ते सांगायचे, "मालक शहरात असला की सालदार विहिरीचं पाणी शेजाऱ्याला देतो." ते माझ्या डोक्यात बसलं. मी मोटारीला मोबाईलवर चालणारा स्टार्टर बसवला आणि त्यात फक्त माझाच नंबर टाकला. स्टार्टर बसत असताना सालदार एकदाच म्हणाला, "म्हणजे आता मले मोटार चालू करता येणार नाही?" मी म्हटलं, "मला फोन करत जा. मी इथून चालू करीन."

डिसेंबरात अंबिया बहारासाठी बाग ताणावर सोडली. म्हणजे पाणी पूर्ण बंद करायचं, झाडाला तहान लागू द्यायची, मग जानेवारीत पाणी दिलं की फूल धरतं. ताण किती दिवस द्यायचा, हे मी मोबाईलवरच्या एका सल्ला देणाऱ्या अ‍ॅपमध्ये पाहिलं होतं आणि तेवढे दिवस मोटार बंद ठेवली होती.

जानेवारीच्या सुरुवातीला सालदाराने एक फोटो पाठवला. रानडुकरांनी तारेचं कुंपण वाकवलं होतं, ते दाखवायला. मी कुंपण पाहिलं, आणि मग त्यामागची झाडं. फोटो मोठा केला. पूर्वेकडच्या ओळींतली पानं ताठ होती आणि बुंध्याभोवतीची आळी काळी, ओली दिसत होती. स्टार्टरचे मेसेज तपासले. तीन आठवड्यांत मोटार एकदाही चालली नव्हती.

मग पाणी आलं कुठून? त्याने स्टार्टरची वायर काढून मोटार परस्पर जोडली असणार, अशी माझी खात्री झाली. फोनवर विचारलं असतं तर त्याला सावरायला वेळ मिळाला असता. म्हणून गुरुवारी शाळेत रजा टाकली आणि सकाळची एसटी पकडली. एरवी तो मला घ्यायला फाट्यावर मोटारसायकल घेऊन येतो. त्या दिवशी मी चालत गेले.

तो पूर्वेच्या ओळीतच होता. हातात काळा पाईप, पाणी आळ्यात पडत होतं. पाईप धुऱ्यावरून, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावरून, शेजाऱ्याच्या विहिरीकडे गेला होता. त्या शेजाऱ्याशी बाबांचं धुऱ्यावरून बिनसलं होतं आणि शेवटपर्यंत बोलणं नव्हतं. म्हणजे हे दोघं मिळून आहेत!

"ताई? फोन तं करायचा होता," तो म्हणाला.

"कोणाला विचारून पाणी देताय?"

"तुमालेच इचारलं होतं. तीनदा सांगतलं, इकडची जमीन मुरमाड आहे, या झाडाईले इतका ताण झेपत नाही. तुमी म्हणल्या, मोबाईलवर लिवलं आहे."

त्याने सांगितलं होतं, हे खरं होतं. मला वाटलं होतं, मोटार हातात घ्यायचा बहाणा आहे.

त्याने पाईप खाली ठेवला. "खरं सांगू का? मले वाटलं, तुमाले झाडं मारायचीच आहेत."

"मी कशाला मारीन?"

"बाग वाळली का प्लॉट पाडायले लेआऊटवाले येतात. मागच्या महिन्यात दोन माणसं आणून तुमी शेत मोजलं. मले काहून नाही सांगतलं?"

ती माणसं ठिबकच्या नळ्यांचं माप घ्यायला आली होती. ते मी त्याला सांगितलं नव्हतं, कारण साहित्य कधी येणार हे त्याला आधी कळलं तर त्यातलं काही गायब होईल असं मला वाटत होतं. आता हे तोंडाने सांगताना मला लाज वाटली.

मग त्याने कुदळ घेतली. पश्चिमेच्या काळ्या जमिनीत वीतभर खणलं, माती अजून गार होती. पूर्वेला पाईप न पोचलेल्या चार झाडांपाशी खणलं, तर नुसता कोरडा मुरूम निघाला. त्या झाडांची पानं गुंडाळून राखेसारखी झाली होती. बाबा इकडचं पाणी आठ-दहा दिवस आधी सोडत, हे मला त्या दिवशी त्याच्याकडून कळलं.

शेजारी धुऱ्यावर येऊन उभा होता. मी त्याला विचारलं, "तुम्ही पाणी कसं काय दिलं?"

"मांगतलं, देलं," तो म्हणाला आणि पाईप गुंडाळू लागला.

मी तिथेच उभी राहून पूर्वेच्या ओळींपुरती मोटार सुरू केली आणि स्टार्टरमध्ये सालदाराचा नंबर टाकला. फेब्रुवारीत पूर्वेच्या ओळी फुलल्या. ती चार झाडं मात्र गेली. शेजाऱ्याने पाणी उगाच दिलं नसणार, आता तो धुऱ्यावरून रस्ता मागेल, या अंदाजाने मी उन्हाळाभर उत्तर तयार ठेवलं. त्याने आजवर काही मागितलेलं नाही, आणि मी अजूनही वाट पाहते.

पावसाळ्यात त्या चार जागांवर नवी कलमं लावायची होती. सालदार आज लावतो, उद्या लावतो करत राहिला. ठिबकच्या नळ्या आल्या, बागेत अंथरून झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला, "ताई, कलमं लावली. आता बाग राहते."