साडूचं घुबड

माझ्या साडूइतका सुखी माणूस सोलापूर जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही, हे मी कुठल्याही पंचांसमोर सांगायला तयार आहे. आणि या माणसाच्या सुखाला लागतं काय, तर एक काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं. रंग नको, चित्र नको, आवाज नको. लोक कंप्युटर घेतात ते सिनेमे बघायला नाहीतर विजेचं बिल भरायला. हा घेतो तो अक्षरं इकडून तिकडे सरकवायला. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचं प्रोग्रॅमिंगचं काम तो जुळे सोलापुरातल्या आपल्या घरी बसून करतो. दर महिन्याला पगार येतो असं मेव्हणी म्हणते, त्या अर्थी काम होत असावं. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा म्हणून तो मला दाजी म्हणतो, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहे, आणि तरी शिकवायचं ते मलाच.

त्याचा पहिला दावा असा की माऊस हे आळशी माणसाचं हत्यार आहे. स्वतःच्या कंप्युटरचा माऊस त्यानं कधीच काढून टाकला. तो मेव्हणीला परवा शिवणाच्या डब्यात सापडला. मी एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. एकदा तो मला भेटायला ऑफिसात आला, तेव्हा मी माऊस धरून एक ओळ निवडत होतो. माणूस काट्या-चमच्यानं भाकरी खाताना बघावा तसा तो माझ्याकडे बघत उभा राहिला. शेवटी न राहवून म्हणाला, "दाजी, तुमचं आयुष्य असंच चाललंय बघा, टेबलावरून हात उचलण्यात." मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला.

पण त्याचं खरं दैवत म्हणजे एडिटर. एडिटर म्हणजे ज्यात टाइप करायचं ते. तुम्ही-आम्ही समोर येईल त्यात टाइप करतो आणि मोकळे होतो. या लोकांत मात्र दोन पंथ आहेत. एका पंथाच्या एडिटरमध्ये एकेक कळ सुटी दाबून सगळी कामं होतात. दुसऱ्याच्यात दोन-दोन, तीन-तीन कळा एकदम दाबाव्या लागतात, पेटी वाजवल्यासारख्या. दोन्हींची नावं मी इथे मुद्दाम देत नाही, उगाच माझ्या दारात मोर्चे नकोत. साडू एकेक कळेवाला. घरचा किराणासुद्धा तो त्याच एडिटरमध्ये लिहितो. एकदा त्याची छापील यादी घेऊन मी दुकानात गेलो. आमचे किराणावाले चाचा डाळ, गूळ, शेंगदाणे असं एकेक काढत खाली आले आणि शेवटच्या ओळीवर अडले. तिथे एक टिंबावर टिंब आणि पुढे डब्ल्यू, क्यू अशी अक्षरं होती. चाचांनी चष्मा पुसला, पोराला मागच्या फळीवर बघायला सांगितलं आणि म्हणाले, "ये डब्ल्यू-क्यू नवीन आलंय का दाजी? आपल्याकडं न्हाय अजून. कंपनीचा माणूस आला की इच्चारतो." फाइल साठवून बाहेर पडायची ती खूण होती म्हणे, हाताच्या सवयीनं यादीतच उमटली. पुढच्या महिन्यात चाचांनी मला पुन्हा सांगितलं की माल अजून आलेला नाही.

दुसरी खोड अशी की कुठलीही वेबसाइट तो दर्शनी बाजूनं बघतच नाही. लगेच तिचं पोट फाडून आतली भाषा वाचायला लागतो. आमच्या पुतणीच्या लग्नासाठी आम्ही एक मंगल कार्यालय बघत होतो. आम्ही सगळे फोटोतली झुंबरं बघतोय आणि हा आत शिरून मालकांना म्हणतोय, "मालक, तुमच्या पानाच्या आत अजून दुसऱ्याच कार्यालयाचं नाव आहे की. उचलताना पुसायचं राहिलं वाटतं." मालकांनी आम्हाला तारीख दिली नाही. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी कुणी गुलाब टाकला की हा खाली लिहिणार, 'चार एमबीचा गुलाब'. पुराचा फोटो आला की तो कुठल्या देशातला, कितव्या वर्षीचा, ते शोधून काढणार. आमचे थोरले मामा याच कारणानं ग्रुप सोडून गेले आणि अजून रुसलेले आहेत. याची स्वतःची वेबसाइट आहे ती पांढऱ्या कागदासारखी कोरी. बोट टेकायच्या आत उघडते. तिथे पाहुण्यांनी सही करायची एक वही आहे, आणि तिच्यातल्या बहुतेक सह्या आम्हा नातेवाइकांच्या आहेत, जेवायला बोलावून घेतलेल्या.

तर असा हा आनंदी प्राणी. पण प्रत्येक सुखी माणसाला एक वैरी लागतोच, आणि याला होता. इंटरनेटवर या एडिटरवाल्यांचं एक जुनं पत्रमंडळ आहे. एकानं पत्र टाकलं की ते जगभरच्या सगळ्या सभासदांना जातं. तिथे खरं नाव सांगायची पद्धत नाही आणि विचारायची तर मुळीच नाही. साडू तिथे 'सेमीकोलन', आणि त्याचा वैरी 'स्नोआउल', म्हणजे बर्फातलं घुबड. घुबड दुसऱ्या पंथाचं, पेटीवाल्या. सतरा वर्षं हे दोघं इंग्रजीत भांडत होते. साडूनं चार पानं लिहावीत आणि घुबडानं दोन ओळींत त्याची हवा काढावी. "नॉर्वेचा असणार," साडू म्हणायचा, "इतक्या थंडपणे अपमान करायचा म्हणजे त्याला तिकडचंच रक्त पाहिजे." पत्रावरची वेळ घुबड ग्रीनिचची ठेवायचं, त्यामुळे पत्ता लागायची सोय नव्हती. एकदा डिसेंबरात त्यानं 'आज इकडे फार थंडी आहे' असं लिहिलं आणि नॉर्वे पक्का झाला. त्या दिवशी मीसुद्धा मफलर गुंडाळून ऑफिसला गेलो होतो, पण ते कोण लक्षात घेतो. मेव्हणीला तर घरातलं माणूस असल्यासारखं ते घुबड माहीत होतं. नवरा हसत जेवायला आला की ती विचारायची, "आज काय म्हणालं घुबड?"

आणि गेल्या दिवाळीनंतर घुबड गप्प झालं. साडूनं एक खरमरीत पत्र टाकलं, उत्तर नाही. दुसरं टाकलं, त्यात मुद्दाम पेटीवाल्यांच्या सात पिढ्या काढल्या, तरी उत्तर नाही. तीन आठवडे गेले. मेव्हणीचा माझ्या बायकोला फोन आला, "ताई, हे धड जेवत नाहीत गं. ताटात शेंगाचटणी तशीच पडलेली असते. घुबड गेलं असेल का, एवढंच विचारतात." सांगताना ती आधी हसत होती, मग रडायलाच लागली. मी स्कूटर काढली आणि गेलो.

साडू खुर्चीत बसला होता, दाढी वाढलेली. म्हणाला, "दाजी, सतरा वर्षांत मी एक नियम पाळला. जगातल्या सगळ्या वेबसाइट आतून बघितल्या, पण घुबडाची स्वतःची आहे ती नाही. वैऱ्याच्या घरात वाकून बघायचं नाही. काल तो मोडला." त्यानं पडदा माझ्याकडे वळवला. वेबसाइटच्या आतल्या भाषेत लिहिणाऱ्याला स्वतःसाठी टिपणं ठेवता येतात. ती बाहेर कुणाला दिसत नाहीत. त्या इंग्रजी खिचडीत मधेच एक ओळ होती, शुद्ध मराठीत: 'लाईट गेली. उरलेलं उद्या.' खाली आणखी एक: 'मैंदर्गीत आजपण लाईट नाही.' मी दोनदा वाचलं. नॉर्वेचं घुबड आमच्याच जिल्ह्यात, अक्कलकोटच्या पुढं मैंदर्गीला बसून याला सतरा वर्षं हाणत होतं.

दुसऱ्याच दिवशी माझ्या गाडीनं निघालो. कुंभारी गाव मागं पडल्यावर साडू म्हणाला, "दाजी, त्याच्याशी मराठीत काय बोलायचं असतं?" मैंदर्गीत एका शिंप्याला विचारलं, इथे कंप्युटरवालं कोण आहे. तो मशीन न थांबवता म्हणाला, "मास्तर व्हय? गणिताचे हुते, रिटायर झाले. त्येंना लकवा मारलाय की. उजवी बाजू गेली. हितनं सरळ जावा, डाव्या हाताचं तिसरं घर." साडूचा चेहरा पार उतरला.

दारात मास्तरांच्या पत्नी आल्या. ओळख ना पाळख, तरी "बर्री, बर्री, आत या" असं कानडी-मराठीत म्हणून त्यांनी चटई टाकली. आत कॉटवर एक किडकिडीत म्हातारा गृहस्थ बंडी घालून बसले होते, उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला. कोपऱ्यात कंप्युटर, त्यावर चादर झाकलेली. साडू उंबऱ्यातच थांबला. घसा खाकरून म्हणाला, "सर, मी सेमीकोलन." मास्तरांनी मान वर केली. अर्धा चेहरा हसला. शब्द अडकत, एकेक करून बाहेर आले, "अजून... तोच... एडिटर?" साडूनं मान हलवली आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तर दोघांचाही राग आला, इतकी वर्षं पन्नासेक किलोमीटरवर राहून ही माणसं काय करत होती.

काकूंनी सगळं सांगितलं. "रोज चादर काढत्यात, बसत्यात. त्येंच्यात दोन-दोन, तीन-तीन कळा एकदम दाबाव्या लागतात म्हनं. एका हातानं कसं व्हायचं? चिडत्यात, परत झाकून ठेवत्यात. डॉक्टर म्हनले मन रमवा. पन ह्यांचं मन रमायचं ते हेच्यातच." मी आपला अडाणी, साडूला सरळ बोलून गेलो, "मग तुझा एडिटर एकेक कळेवर चालतो ना? तोच बसवून दे सरांना." मास्तरांनी खिडकीकडे बघितलं, बराच वेळ बघितलं आणि मग डाव्या हातानं कंप्युटरकडे खूण केली. "दे... बसव." सतरा वर्षांची लढाई साडूनं बसल्या जागी जिंकली होती. तो उठला, कंप्युटरवरची चादर नीट केली आणि म्हणाला, "नको सर. मी पुढच्या महिन्यात येतो."

परतताना मी त्याला झापलं. आयता मोका होता, त्या माणसाचीही सोय झाली असती. तो म्हणाला, "दाजी, माणूस आजारी पडला म्हणून जिंकायचं असतं का? तो त्यांचा एडिटर आहे. तो काढून घेतला तर उरलं काय त्यांच्याकडं?"

मग साडूनं कधी नव्हे ते केलं. वैऱ्याचा एडिटर शिकायला घेतला. मेव्हणीनं त्याला पहिल्यांदा त्यात बघितलं तेव्हा, माळकऱ्याच्या हातात मटणाचा डाव बघावा तशी ती दचकली. पहिले आठ दिवस तो नुसता शिव्या देत होता, बोटं दुखतात म्हणून तेल चोळत होता. पुढं शिव्या कमी झाल्या. एकदा तर हळूच म्हणाला, "तसं वाईट नाहीय दाजी, पण कुठं बोलू नका." स्वतःचा उजवा हात तो पाठीमागं धरून बसायचा आणि फक्त डाव्या हाताला पोचतील अशा कळा रचायचा, एकेक सुटी दाबायची, पण एडिटर मास्तरांचाच. महिन्यानं मैंदर्गीला जाऊन त्यानं ते बसवून दिलं. मास्तरांनी एक शब्द टाइप केला, पुसला, परत टाइप केला. काकू पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

पाचव्या दिवशी मंडळावर घुबडाचं पत्र आलं. साडूनं मला फोनवर मराठी करून वाचून दाखवलं: "सेमीकोलन यांनी रचलेल्या कळा कमालीच्या गैरसोयीच्या आहेत. नाइलाजानं वापरतो आहे." वाचता वाचता तो हसत होता. मंडळावर कुणाला काही ठाऊक नाही. तिथे ते अजूनही दोन परके आहेत आणि इंग्रजीत भांडतात. महिन्यातून एकदा मैंदर्गीला भेटतात, तेव्हा भांडणाचं अक्षर काढत नाहीत.

आता घुबडाची पत्रं कमी झाली आहेत. आठवड्याला एक, कधी तेही नाही. हात लवकर दमतो म्हणे. गेल्या महिन्यात एका रविवारी मी साडूकडे गेलो, तो मंडळासाठी पत्र लिहीत होता. पूर्वीसारखी चार पानं नव्हती, पाचच ओळी होत्या. पाठवायच्या आधी म्हणाला, "तिसऱ्या ओळीत चूक आहे." मी म्हटलं, मग सुधार की. तो म्हणाला, "मुद्दाम ठेवलीय. सरांना एका हातानं, एका ओळीत खोडता आलं पाहिजे."

उत्तर यायला या वेळी नऊ दिवस लागले. मी ऑफिसात होतो, भर गर्दीत त्याचा फोन आला. "दाजी, खोडलं सरांनी," तो म्हणाला, आणि सरांची ती एक ओळ त्यानं मला दोनदा वाचून दाखवली.