सुमनबाईच्या खात्यातली मदत

सुमनबाई कोणावर पटकन विश्वास ठेवत नसे. किराणा घेताना वजनकाटा वाकून बघायची. गॅसवाला आला की सिलेंडरचं सील त्याच्यासमोरच तपासायची. नवरा बाबुलाल गेल्यापासून कारध्याजवळच्या गावातलं धानाचं शेत ती एकटीच सांभाळत होती. तिच्या या स्वभावाला लोक हसत, पण तिच्या तोंडावर नाही.

गेल्या भाद्रपदात वैनगंगा फुगली. काठावरच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, पाण्याखाली राहिल्या, धान कुजलं. सुमनबाईचं शेत बरडावर, उंचावर. तिथं पाणी चढलंच नाही. त्यामुळे दिवाळीनंतर पूरमदत जमा झाल्याचा मेसेज आला, तेव्हा मुलगी खुशबू खूश झाली आणि सुमनबाईच्या कपाळावर आठी पडली.

“आपलं त् काहीच बुडलं नाई. मंग हे पैसे कायचे?”

“सरकारनं देल्ले, आई. राहू दे ना.”

“बिनमांगता काहून देईल सरकार?”

ती तशीच उठून शेजारच्या जिजाकडे गेली. जिजा आणि तिचा नवरा तुलाराम नदीत मासे धरायचे, काठावरची बांधी करायचे. त्या बांधीत अजून गाळ होता.

“तुमची मदत आली का वं?”

“कुठची, बाई! लिलाधरनं खर्चापाणी मांगितलं होतं. आमच्या यायनं देल्लं नाई. आता तो म्हणते, कागद वर अटकले.”

गावात ऑनलाइन कामाचं दुकान लिलाधरचंच. सगळ्यांचे आधार, खातेनंबर त्याच्याकडे; पूरमदतीचे अर्जही तोच भरायचा. पण बाबुलालच्या छातीत कळ आली तेव्हा भर पावसात भंडाऱ्याला दवाखान्यात नेणाराही तोच होता. त्याच्यावर संशय घ्यायची तिला लाज वाटत होती, आणि संशय काही जात नव्हता.

थोड्याच दिवसांत लिलाधर स्वतः आला. चहा घेतला. मग म्हणाला, “काकू, तुमच्या खात्यात चुकून पैसे आले. काढून मले द्या, मी वर भरून देतो. थोडे ठेवा तुमाले.”

“चुकीचे आहेत त् मले कायले ठेवायले सांगतेस?”

“असंच असते, काकू.”

“पावती देशील?”

त्याचं हसू मावळलं. “मी का परका हाओ? काकाले दवाखान्यात नेलं तेव्हा मी मांगितली होती का पावती?”

हे तिला लागलं. पण त्याच बोलण्यानं तिची शंका पक्की झाली. व्यवहार सरळ असता तर यानं गेलेल्या माणसाला मध्ये कशाला आणलं असतं?

दुसऱ्या दिवशी जिजाला घेऊन तिनं तहसील कार्यालय गाठलं. बाबू म्हणाला, “पैसे मिळाले ना तुम्हाला? मग तक्रार कशाची?”

“मिळाले म्हणूनच आली.”

बाबू अर्ज घेऊन आत गेला आणि बराच वेळ आलाच नाही. हा आतून लिलाधरला तर फोन करून राहिला नसेल? अर्जाची पोच हातात पडेपर्यंत ती बाकावरून हलली नाही.

चौकशी लागली. बरडावरच्या अनेकांच्या खात्यात अशीच मदत आली होती, आणि त्यातली बरीचशी लिलाधर रोखीनं घेऊन गेला होता. कोणी बोललं नव्हतं, कारण थोडी त्यांनाही उरली होती. आता सगळी परत भरायची वेळ आली, तेव्हा ते सुमनबाईशी बोलेनासे झाले. लिलाधरचं दुकान बंद झालं. त्याची आई दारात येऊन रडली, “तुह्या नवऱ्यासाठी धावला होता वं माहा पोरगा.” सुमनबाईनं तिला पाणी दिलं.

तुलारामच्या बांधीचा पंचनामा पुन्हा झाला आणि उन्हाळ्यात त्याची मदत जमा झाली. जिजा सांगायला आली, तर सुमनबाईनं आधी हेच विचारलं, “पूर्ण आली ना? मांगायले त् कोणी आलं नाई?”

पावसाळ्यात तिच्या रोवण्याला, धानाच्या लावणीला, गावातल्या बायका आल्या नाहीत. जिजा आणि तुलाराम आले, खुशबूही चिखलात उतरली. रोवणा लांबला, पण झाला.