होणाऱ्या व्याह्यांचा नकाशा

मे महिन्यात रत्नागिरीत घरोघरच्या अंगणात आमसुलं वाळत पडतात, फणसाची साठं वाळत पडतात. आमच्या अंगणात त्यांच्या शेजारी सह्याद्री वाळत पडतो. पावसाळ्यात धरलेली बुरशी उन्हाशिवाय जात नाही, म्हणून डोंगरांचे सगळे कागदी नकाशे मी बाहेर काढतो, आणि ते पसरले की दोन तालुके सरळ शेजाऱ्यांच्या हद्दीत जातात. कावळेसुद्धा वाट चुकले की आमच्या कुंपणावर येऊन खाली बघून जातात. बायको म्हणते, लोकांच्या घरात सोनं असतं. मी म्हणतो, सोन्यावर खिंड दिसते का?

त्यांतला माझा लाडका म्हणजे खेडच्या पूर्वेकडच्या रांगेचा जुना सरकारी नकाशा. कापडावर डकवलेला, मैलाला इंच या मापाचा. त्यातल्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या तपकिरी रेघा, कड्यापाशी इतक्या चिकटलेल्या आहेत की नुसतं बोट ठेवलं तरी गरगरतं. दोष एकच. घड्या घालून घालून मधोमध भोक पडलंय आणि सुमारगड नेमका त्या भोकात गेलाय.

तर मुलीने पुण्यात जो मुलगा पसंत केला, त्याच्या वडिलांनाही हाच आजार निघाला. बाकी सगळं जुळलं होतं, मुलाच्या आईने तर साडीचा रंगही ठरवला होता. हे गृहस्थ मात्र हो म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात. त्यांचा निरोप आला की कांदेपोहे खाऊन माणूस कळत नाही. मुलीच्या वडिलांबरोबर एक डोंगर चढतो आणि मग काय ते सांगतो. डोंगरही त्यांनीच सुचवला, सुमारगड. मला हसू आलं. हसू बघून मुलगी सावध झाली. चढाईच्या आदल्या संध्याकाळी तिने मला पडवीत गाठलं.

"बाबा, उद्या तुमचं बरोबर असलं तरी गप्प बसायचं."

"आणि त्यांचं चुकत असलं तर?"

"तर कौतुक करायचं."

दुसऱ्या दिवशी पायथ्याच्या वाडीत आम्ही चौघे जमलो. मी, ते, त्यांचा मुलगा आणि माझी मुलगी. त्यांनी गाडीच्या बॉनेटवर आपला नकाशा उघडला. नवाकोरा, सात रंगांचा, पाण्याने न भिजणारा, डोंगर भटकणाऱ्यांसाठी मुद्दाम छापलेला. वाटा लाल ठिपक्यांनी, पाणी निळ्या थेंबाने. त्याचा गुळगुळीत कागद उन्हात असा चकाकत होता की समुद्रावरच्या होड्या दीपस्तंभ समजून वळल्या असतील. वारा आला तर हा नकाशा धरणाऱ्यालाच उचलून थेट दापोलीच्या मुरुडला किनाऱ्यावर ठेवील, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मुलीने खाकरून दाखवलं. मी म्हणालो, काय सुंदर नकाशा आहे.

मग मी शेजारी माझा कापडी नकाशा उघडला, आणि त्यांनी त्यातल्या भोकाकडे बराच वेळ पाहिलं. त्यांचा मुलगाही खाकरला. मग ते म्हणाले की असं जुनं काम आता होत नाही. एवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं, पण आम्ही दोघांनी मानपान करताना नकाशांची अदलाबदलच केली. शालश्रीफळ द्यावं तसा मी माझा दिला आणि त्यांचा घेतला.

रसाळगड मागे टाकून जंगलातून चालत एका खिंडीत पोचलो. तिथे वाट फुटत होती. माझ्या हातातल्या त्यांच्या नकाशात डावीकडे लाल ठिपके होते, त्यांच्या हातातल्या माझ्या नकाशात उजवीकडे काळी तुटक रेघ. मी म्हणालो, तुमचाच बरोबर, डावीकडे जाऊ. ते म्हणाले, छे, तुमचाच बरोबर, उजवीकडे. हे इतका वेळ चाललं की पोरांनी बसून सगळे लाडू संपवले, आणि माझी खात्री आहे की तेवढ्यात शेजारच्या आंब्याला मोहर येऊन गळूनही गेला.

यात गंमत अशी की मी खरं बोलत होतो. ती उजवीकडची वाट कधीचीच दरडीबरोबर खाली गेली आहे. मी तिच्यावरून एकदा उभा गेलो होतो आणि बसून परत आलो होतो. पण स्वतःच्या नकाशाला स्वतःच्या तोंडाने खोटं कसं पाडायचं? ते हट्टाला पेटले, मुलीने माझ्याकडे डोळे वटारले, आणि आम्ही उजवीकडे वळलो.

करवंदीच्या जाळ्यांनी सदरे फाडून घेत निघालो, आणि वाट संपली. समोर लाल माती उभी घसरलेली. ते त्या मातीकडे पाहत म्हणाले, "इथं वाट होती ना हो?"

"होती. दरड कोसळायच्या आधी," माझ्या तोंडून निसटलं.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

मी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला घेतली. ते खाली एका दगडावर बसले. चेहरा असा झाला की मुलीने मान फिरवली, आणि जमलेलं लग्न त्या घसाऱ्यावरून गडगडत जाताना मला स्पष्ट दिसलं.

"गोड बोलून मला कड्यावर आणलंत," ते म्हणाले. "उद्या या पोरांच्या घरात काही बिनसलं, तर तेव्हाही असंच गोड बोलणार?"

आता लपवायचं काय उरलं होतं? मी म्हणालो, मग तुम्ही डावीकडे का नाही आलात, एवढा नवा नकाशा असून? त्यावर त्यांचा आवाज एकदम खाली आला. ते ठिपके भलत्याच वाडीत उतरतात. मागच्या थंडीत ते स्वतःच तिथे चुकून कुणाच्या तरी गोठ्याशी निघाले होते.

मग काय विचारता. दोन्ही नकाशे कातळावर शेजारीशेजारी पसरले, चार कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि जे सकाळपासून तुंबलं होतं ते सुटलं. मी म्हणालो, तुमच्या दोन रेषांमध्ये अख्खं देऊळ लपेल, कळसासकट. ते म्हणाले, तुमच्या नकाशाला आमसुलांचा वास येतो आणि जायचंय तो गडच त्यात नाही. मी त्यांच्या चकाकीवर घसरलो, ते माझ्या भोकावर. समोरच्या डोंगरावरची माकडं झाडावरून उतरून नीट ऐकायला बसली. पोरं मध्ये पडायला आली, तर आम्ही दोघांनी त्यांना एकाच आवाजात गप्प केलं.

आणि भांडता भांडता दोघांची बोटं एकाच जागी आली. माझ्या नकाशात दोन वाटांच्या मध्ये एक सोंड, म्हणजे डोंगराची खाली उतरत आलेली धार, होती. तिथे रेघा जरा सैल होत होत्या, म्हणजे चढ माणसाला झेपेल असा. त्यांच्या नकाशात नेमक्या त्याच सोंडेवर एक निळा थेंब होता, पाण्याचं टाकं. टाकं खोदणारे हवेतून थोडेच गेले असतील? ते म्हणाले, पाणी आम्ही दाखवलं. मी म्हणालो, चढ आम्ही दाखवला. यावर पुन्हा थोडं झालं.

शेवटी त्यांनी नकाशांची नीट घडी घातली, त्यांचा आणि माझाही, कपाळ पुसलं आणि मागे वळून म्हणाले, "सूनबाई, पाणी दे गं जरा. घसा बसला तुझ्या वडिलांपायी."

 मुलीने पिशवीत असा काही हात घातला की बाटलीबरोबर टॉवेल, बिस्किटं, विजेरी, सगळं बाहेर आलं. बाटली त्यांनी अर्धी रिकामी केली, उरलेली मुलाने संपवली. घसा माझाही बसला होता, पण ते कुणाच्याच लक्षात आलं नाही.